जुन्या कपाटाचा रंग दर पावसाळ्यात सुटतो? आधी पापुद्रा उलटा करून बघा

रत्नागिरीजवळच्या आमच्या घरात आजीचं सागवानी कपाट आहे. साडेपाच फूट उंच, दोन दारं, खाली दोन खण, चार कातीव पाय. घर डागडुजीला काढलं तेव्हा नवं कपाट घ्यायचे पैसे नव्हते, आणि असते तरी हे टाकवलं नसतं. म्हणून मीच ते रंगवलं. एप्रिलमध्ये रंगवलं, गणपतीला घर उघडलं तर दारांवर फुगे आणि पायांपाशी रंगाचे पापुद्रे पडलेले. पुढच्या वर्षी परत. त्याच्या पुढच्या वर्षी रंगारी लावून महागाचा रंग मारून घेतला, तरी तेच.

तीन वर्षं मी रंगाला दोष देत होते. दर वर्षी आधीपेक्षा महाग डबा आणत होते. चौथ्या वर्षी एका सुतारकाकांनी जमिनीवरचा एक पापुद्रा उचलला, उलटा करून उजेडात धरला आणि म्हणाले, "ताई, रंग लाकडाला लागलेलाच नाही. खालच्या पॉलिशला लागलाय. आणि पॉलिश गेलंय." पापुद्र्याची पाठ तपकिरी होती, काचेसारखी चकचकीत. तिच्यावर लाकडाचा एक तंतूसुद्धा नव्हता.

तुमचं कपाट, पेटारा, देव्हारा, पाट, जे काही असेल त्याचा रंग असाच दर वर्षी सुटत असेल तर सुटलेले पापुद्रे झाडून टाकू नका. एका जुन्या पाकिटात भरून ठेवा. कुठला तुकडा कुठून पडला तेही लिहा. सगळं निदान त्यांच्या पाठीवर असतं.

पाठ काय सांगते

पाठ चकचकीत तपकिरी किंवा पिवळसर असेल, तर खाली जुनं पॉलिश आहे आणि नवा रंग त्यावर नुसता बसला होता. आपल्याकडच्या जुन्या सामानावर बहुतेक वेळा चपडा लाखेचं पॉलिश असतं. ओळखायला सोपं आहे. कापसाच्या बोळ्यावर पॉलिशचं स्पिरिट घ्या, कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात अर्धा मिनिट दाबून ठेवा. बोळा तपकिरी झाला आणि जागा चिकट लागली तर चपडा. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने जागा मऊ पडली तर लॅकर. दोन्हींनी ढिम्म हललं नाही तर ऑइल पेंट, मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन). पाण्याचा थेंब टाकला आणि तो मोत्यासारखा उभा राहिला तर वर मेण आहे, आणि मेणावर जगातला कुठलाही रंग धरत नाही. ते टर्पेंटाइनच्या फडक्याने, फडकं दर वेळी बदलत, काढावं लागतं. एकच फडकं फिरवत राहिलात तर मेण फक्त इकडून तिकडे जातं.

पाठ पांढरी, खडूसारखी, बोटाला भुकटी लागणारी असेल, तर फूट पुट्टीत पडलेली आहे. माझ्या दुसऱ्या वर्षीचे पापुद्रे असे होते. भिंतीची उरलेली पुट्टी मी दाराच्या चिरांत भरली होती. ती पांढऱ्या सिमेंटची असते. भिंत हलत नाही, लाकूड हलतं. पावसाळ्यात फळी फुगली की ती पुट्टी सुटते आणि वरचा रंग बरोबर घेऊन जाते. लाकडाला लाकडाचीच लांबी, म्हणजे चिरा बुजवायचा मसाला, हवी. चिरा बारीक असतील तर त्याच लाकडाचा चाळलेला भुसा गोंदात कालवून भरावा.

पाठीला लाकडाचे तंतू चिकटून आले असतील, तर रंग चांगला धरला होता, लाकडाचाच वरचा थर कुजकट झाला आहे. नखाने दाबून बघा. नख रुतलं तर तेवढा भाग पटाशीने काढून ठिगळ लावायचं. त्यावर रंगाचे थर चढवण्यात अर्थ नाही.

चौथा प्रकार मला माहीतच नव्हता. पाठ बुळबुळीत, ओल्या बोटाने चोळली तर साबणासारखी. हे कॉस्टिक सोड्याने जुना रंग उतरवल्यावर होतं. तिसऱ्या वर्षी रंगाऱ्याने कपाट अंगणात आडवं घालून कॉस्टिकच्या पाण्याने धुतलं होतं. काम तासाभरात झालं, मला बरं वाटलं. पण क्षार लाकडाच्या छिद्रांत राहतो, आणि त्यावर ऑइल पेंट मारलं की त्यातल्या तेलाचा खरोखरच साबण बनतो. हवा दमट झाली की तो थर सुटतो. शिवाय सागवान काळपट पडतं ते वेगळंच. तुमच्याकडे असं धुऊन झालं असेल तर व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी घालून ते लाकडावर फिरवा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसा, आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका.

रंग कुठून सुटायला लागतो

पाठीइतकीच जागाही महत्त्वाची. आमच्या कपाटाला सगळ्यात आधी फुगे आले ते पायांच्या खालच्या चार बोटांत आणि भिंतीकडच्या कडांना. मधल्या दारांवर नंतर. पाणी कुठून येत होतं ते यातच होतं.

लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची मोळी. फळीच्या पृष्ठभागातून पाणी हळू आत जातं, पण जिथे करवतीने आडवं कापलंय तिथे नळ्यांची तोंडं उघडी असतात आणि ती पाणी ओढतात. पायाचा तळ हा नेमका तसा असतो. आणि पायाच्या तळाला कोणीही रंग देत नाही, कारण तो दिसत नाही. फरशी पुसली, दमट हवेत फरशीला घाम आला, की ते पाणी तळातून वर चढतं आणि बाहेर पडायला वाट शोधतं. बाहेरच्या बाजूला रंगाची कातडी असते. ती फुगते. बोटाने तसा एक फुगा दाबून बघितला तर आतून पाण्याचा बारीक थेंब आला.

कपाटाच्या पाठीचंही तसंच. दर्शनी बाजूला तीन हात रंग आणि मागे कोरी फळी. मागून ओल आत येते, पुढून बाहेर पडू शकत नाही. एकाच बाजूला रंगवलेली फळी वाकतेही, कारण दोन्ही बाजू सारख्या वेगाने ओल घेत-सोडत नाहीत.

सांध्यांवर सरळ रेषेत तडा गेला असेल, म्हणजे दाराची चौकट आणि मधली पॅनेलची फळी यांच्यामध्ये, तर तो रोग नाही. जुन्या सुतारांनी ती फळी खाचेत मोकळी ठेवलेली असते, मुद्दाम. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. पावसाळ्यात फळीला सरकायला जागा हवी. आपण ती खाच "स्वच्छ दिसावी" म्हणून लांबीचा मसाला भरून बुजवतो आणि दर वर्षी तिथेच तडा बघतो. बुजवलेलं असेल तर कानसीच्या टोकाने मोकळं करा. तडा जातच राहणार, पण मग तो चौकटीच्या सावलीत बसतो आणि रंग ओढून काढत नाही.

कपाट नाही, भिंत

हा भाग मला सगळ्यात उशिरा कळला आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचले असते.

कपाट ज्या भिंतीला लागून होतं ती जांभ्याची, बाहेरच्या बाजूची. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुनी माणसं या बाजूच्या भिंतींना मे अखेरीस झावळ्यांची झापं बांधायची. आम्ही ती बंद केली, अंगणात सिमेंट केलं, आणि अंगणाची पातळी जोत्याच्या जवळ आली. पागोळ्यांचं पाणी त्या सिमेंटवर आपटून भिंतीच्या बुडाशी उडायचं. आतल्या बाजूला आम्ही ऑइल पेंट मारला होता, पुसायला सोपा म्हणून. त्यामुळे भिंत आतून वाळायचीही बंद झाली. फूट-दीड फुटापर्यंत लोणा आलेला, रंगाचे पोपडे, आणि त्याला पाठ टेकून कपाट.

तुमच्याकडे ओल भिंतीची आहे की नुसती हवेची, हे बघायला एक साधी चाचणी आहे. दीड फूट चौरस जाड प्लॅस्टिक भिंतीला लावा, चारही बाजू चिकटपट्टीने हवाबंद करा, एक दिवस ठेवा. दवबिंदू प्लॅस्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला असतील तर खोलीतली हवा दमट आहे, म्हणजे खिडकी, पंखा आणि कपाट भिंतीपासून पुढे ओढणं एवढ्याने बरंच भागेल. आमच्याकडे आतल्या बाजूला इतकं पाणी होतं की प्लॅस्टिकच्या खालच्या कडेला ओघळ साचला होता.

आम्ही केलेलं असं. पागोळ्यांखाली सोळा फूट पन्हळ लावली आणि तिचं पाणी लांब सोडलं. भिंतीलगतचं हातभर सिमेंट फोडून तिथे खडी घातली, म्हणजे पाणी उडणार नाही. आतला ऑइल पेंट खरवडून काढला. लोणा कोरड्या ब्रशने झाडला. लोणा कधी पाण्याने धुऊ नका; तो मीठ असतो, पाण्यात विरघळून परत भिंतीत जातो आणि वाळला की पुन्हा वर येतो. तिथे मग चुना दिला, कारण चुन्यातून भिंत श्वास घेते. "वॉटरप्रूफ" लिहिलेला लेप आतून लावायचा मोह होईल. भिंतीत पाणी येत असताना तो लावला तर ओल फक्त वर सरकते आणि दुसरीकडे फुटते. आधी पाण्याची वाट बंद करा, बाकीचं नंतर.

मी हे कपाटाच्या लेखात लिहिते आहे कारण डागडुजीचे पैसे कुठल्या क्रमाने खर्चायचे हा प्रश्न इथेच सुटतो. माझा यंदाचा सगळा खर्च साडेसहा हजार आला, त्यातले चार पन्हळीचे. मागच्या तीन वर्षांत रंगावर याच्या दुपटीहून जास्त गेले होते.

वाळलंय हे कसं कळणार

लाकूड हाताला कोरडं लागतं आणि आत ओलं असतं. फेब्रुवारीत कपाट पडवीत आणून ठेवलं तेव्हा मला वाटलं, आठ दिवसांत वाळेल. सुतारकाका म्हणाले, खण काढून वजन कर.

एक खण काढला, बॅगा मोजायच्या हातकाट्याला दोरीने टांगला. 3 किलो 420 ग्रॅम. आठवड्याने 3 किलो 310. मग 3 किलो 240. चौथ्या आणि पाचव्या आठवड्यात 3 किलो 190 ला थांबला. एका खणातून जवळजवळ पाव लिटर पाणी गेलं. अख्ख्या कपाटात किती असेल याचा अंदाज करा, आणि ते आत असताना मी वरून रंगाचं झाकण लावत होते. लागोपाठ दोन आठवडे वजन तेच आलं की रंगाला हात घाला. उन्हात ठेवू नका. एक बाजू भाजते आणि फळी चिरते. सावली आणि वारा.

घासताना एक काळजी

घरातल्या रंगात शिसं किती असावं याचा नियम भारतात 2016 चा आहे आणि तो 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला: जास्तीत जास्त 90 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 90 भाग. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि आजीच्या काळच्या थरांत ते आहे असंच धरून चाला. म्हणून जुना रंग कोरडा घासायचा नाही, मशीन लावून धूळ उडवायची नाही, आणि ज्योतीने जाळून तर अजिबात काढायचा नाही. वॉटर पेपर ओला करून घासा, तोंडाला धूळ अडवणारा चांगला मास्क, खाली प्लॅस्टिक, मुलं आणि गरोदर बाई लांब. झालेला गाळ त्याच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बांधा, अंगणात झाडू नका. रंग घट्ट बसलेला असेल तर तो उतरवायचा हट्टच सोडा. चकाकी जाईपर्यंत ओला घासा आणि त्यावर काम करा. ओल्या घासण्यानंतर परत वजनाचा काटा.

यंदा केलेलं काम

सुटलेला सगळा रंग काढला. चपड्याचं जुनं पॉलिश स्पिरिट आणि काथ्याने उतरवलं, कपाट मोठं असलं तरी दोन दिवसांत झालं. मग 120 नंबरचा पॉलिश पेपर, मग 220, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने.

रंग सुरू केला तो पायांच्या तळापासून. कपाट आडवं घालून तळांना टर्पेंटाइनने पातळ केलेला वुड प्रायमर पाजला. पाजला हाच शब्द योग्य आहे, कारण पहिला हात दोन मिनिटांत गडप झाला, दुसराही, तिसऱ्याला चमक राहिली. तिथे थांबले. मग पाठीला प्रायमरचे दोन हात. फळ्यांच्या कापलेल्या कडा, बिजागऱ्यांच्या खाचा, कडीचं भोक, सगळीकडे. त्यानंतर दर्शनी बाजू. पॅनेलच्या फळ्या आधी, चौकट नंतर, म्हणजे फळी सरकली तरी खाचेतून कोरं लाकूड डोकावत नाही. प्रायमरवर ऑइल पेंटचे दोन पातळ हात, मध्ये पूर्ण एक दिवस आणि हलका पॉलिश पेपर. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात कधीही बरे.

कपाटाच्या आत मात्र ऑइल पेंट देऊ नका. बंद जागेत त्याचा वास महिनोन् महिने जात नाही आणि कपड्यांना लागतो. आत चपड्याचे दोन हात दिले.

पांढऱ्या रंगाखालून पिवळे-तपकिरी डाग वर येत असतील तर तो सागवानाचा स्वतःचा रस आहे. पांढऱ्याचे कितीही हात मारा, तो वर येतोच. प्रायमरच्या आधी चपड्याचा एक हात द्या, तो अडवतो. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून दोन-तीन दिवस बाटली न हलवता ठेवली की मेण खाली बसतं. वरचं नितळ तेवढंच ओतून घ्या, नाहीतर वरच्या रंगाला परत मेणाचीच अडचण.

ज्यांनी रंग न देता पॉलिशच ठेवलंय त्यांना पावसाळ्यात पांढुरका धुरकट थर दिसेल. चपड्याला ओल लागली की असं होतं. कोरड्या दिवशी स्पिरिटचा जेमतेम दमट बोळा एकदाच, न थांबता फिरवला तर बहुतेक वेळा जातो. खण अडकत असतील तर जुलैत रंधा मारू नका. डिसेंबरमध्ये तोच खण खडखडेल. सरकपट्टीवर मेणबत्ती घासा आणि हिवाळ्यापर्यंत थांबा. भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं सामान मात्र एकदा पाणी पिऊन फुगलं की पूर्ववत होत नाही. त्यावर रंगाचे पैसे घालू नका, बिजागऱ्या आणि कड्या काढून घ्या.

कपाट आता भिंतीपासून चार बोटं पुढे आहे. पायांखाली रबराचे बूट घातलेत. मागच्या गणपतीला घर उघडलं तेव्हा दारं जशीच्या तशी होती. एका पायाला मात्र शेंगदाण्याएवढा फुगा होता, डावीकडच्या मागच्या. वाकून बघितलं तर तिथला बूट निसटून कपाटाखाली गेला होता आणि पाय थेट फरशीवर टेकला होता. फुगा कापून पापुद्रा उलटा केला: पाठ पांढरी, प्रायमरची, कोरड्या लाकडाचे चार तंतू चिकटलेले. तेवढीच जागा फेब्रुवारीत घासून परत पाजायची आहे, आणि बूट या वेळी दोन बारीक खिळ्यांनी ठोकायचे आहेत. खिळ्यांची भोकंही आधी प्रायमरने भरायची.